वाट बघणारा मासा

दुकानाचं शटर वर गेलं तरी प्रमिलाबाई कोरे लगेच दिवे लावत नसत. आधी अंधारातच टाक्यांवरची अक्षरं वाचत त्या एक फेरी मारत. प्रत्येक टाकीच्या काचेवर, वरच्या कडेला, बोटभर रुंदीची पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर मंद हिरवी अक्षरं उमटत. 'भूक आहे.' 'पाणी जड झालंय.' 'ठीक.' 'शेजारी त्रास देतो.'

"कोण रे त्रास देतो तुला?" असं म्हणत त्या खाली वाकत आणि दांडगाई करणाऱ्या माशाला जाळीनं उचलून दुसरीकडे टाकत. मग दिवे लागत.

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर हे दुकान त्यांच्या यजमानांनी काढलं, तेव्हा मासे मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यांतून येत. फुगवलेल्या पिशव्या रबर लावून बंद केलेल्या असत. पिशवी उघडेपर्यंत आत किती जिवंत आहेत ते कळायचं नाही. पाणी तोंडाला लावून खारट लागतं का ते बघायचं, थंडीत टाकीत बल्ब सोडायचा, आणि मासा तिरका पोहायला लागला की हात जोडायचे. गिऱ्हाईक मेलेला मासा घेऊन भांडायला येई, तेव्हा गल्ल्यामागून एकच वाक्य निघायचं. सगळ्या गावात, सगळ्या दुकानांत तेच निघायचं. "वाईट वाटून घेऊ नका. घरावरचं संकट अंगावर घेऊन गेला बघा." गिऱ्हाईकाचा चेहरा निवळायचा आणि ते दुसरा मासा घेऊन जायचं.

पट्ट्या आल्या आणि हे सगळं संपलं.

त्या बनवल्या होत्या ऋजुतानं, प्रमिलाबाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीनं. माशाच्या दोन्ही अंगांना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. आपल्याला कानानं आवाज कळतो, तशी माशाला त्या रेघेनं पाण्याची हालचाल कळते. ऋजुतानं तशीच एक कृत्रिम रेघ बनवून काचेवर चिकटवली. कल्ले किती भराभर हलतात, शेपटीनं पाणी कसं ढकललं जातं, मासा कुठल्या कोपऱ्यात किती वेळ थांबतो, हे सगळं ती टिपून घेई. तिचं नाव वाचक. पण नुसत्या आकड्यांचं गिऱ्हाईक काय करणार? आकड्यांना शब्द हवे होते. त्यासाठी ऋजुता मावशीला टाक्यांसमोर बसवून एकेक हालचाल दाखवत असे.

"हा असा तळाला टेकून बसलाय. याला काय म्हणायचं?"

"कुढतोय."

"मावशी, शास्त्रात कुढतोय चालत नाही."

"मग तुझं शास्त्र घे आणि जा घरी. कुढतोच आहे तो."

शेवटी प्रमिलाबाईंचेच शब्द वाचकात गेले. गिऱ्हाईकांच्या घरी मात्र साधी पट्टी दिली जाई. ती फोनवर 'ठीक' किंवा 'लक्ष द्या' एवढंच कळवायची आणि पाण्यात काय बिघडलंय ते सांगायची. बाकीचे शब्द फक्त दुकानातल्या, हातात उचलून नेता येणाऱ्या पडद्यावर दिसत, कारण सुरुवातीला 'कंटाळलाय' वाचून लोक रडत फोन करायला लागले होते.

मासे मरायचे थांबले. पहिली दोन वर्षं दोघींनी त्याचा अभिमान मिरवला. मग लक्षात आलं की दुकानात कुणी येत नाही. मासा मरतच नाही, तर नवा कशाला घेतील?

ऋजुताकडे कल्पना पुष्कळ होत्या. काचेचे गोल वाडगे विकणं बंद करायचं. शेवाळ आणि पाणवनस्पती वाढवायच्या. आजारी माशांसाठी मागच्या खोलीत इस्पितळ करायचं. सह्याद्रीच्या ओढ्यांतले चिमुकले देशी मासे आणायचे, ज्यांना कुणी काचेत पाहिलेलंच नाही. प्रमिलाबाईंना यातलं पुष्कळसं पटत होतं, तरी आलेल्या प्रत्येकाला त्या विचारत, "दुकानात काय आणू सांगा." एका शाळकरी मुलीला शार्क हवा होता. एका दातांच्या डॉक्टरांना सोफ्याच्या रंगाचा मासा हवा होता.

मगदूम सर आले ते अशाच एका दुपारी. हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेले, अजूनही चालताना खांदे मागे. त्यांच्याकडे ऑस्कर जातीचा एक मोठा मासा होता, तपकिरी अंगावर निखाऱ्यासारखे डाग असलेला. बायकोनं त्याचं नाव दाजी ठेवलं होतं.

"सर, सांगा की. दुकानात काय ठेवू नवीन?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "न बोलणारी टाकी आहे का एखादी?"

"म्हणजे?"

"पट्टी नसलेली. पूर्वी असायची तशी." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "नाहीतर आमच्याच पट्टीला काहीतरी करा. दाजी गेला, असं हिच्या फोनवर येऊ दे."

ऋजुता मागच्या खोलीतून बाहेर आली. "दाजी आजारी आहे?"

"घोड्यासारखा आहे! तीच तर अडचण आहे ना." सर स्टुलावर बसले. "आमची ही समोरच्या दवाखान्यात आहे. हृदयाची झडप बदलायचीय. डॉक्टर म्हणतात, या आठवड्यात झालंच पाहिजे, नाहीतर काही खरं नाही. आणि ही सही करत नाही."

"का?"

"आमच्या पोराचा अपघात झाला होता, आठवतं वहिनी? स्कूटरचा चुरा झाला, पोराला खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी आमचा काळा सोनमासा गेला. माझी नोकरी वाचली तेव्हा एक गेला. हिचा हिशेब पक्का आहे. आता म्हणते, इतकी वर्षं झाली, घरात एक मासा गेला नाही. सगळं घरात साठत चाललंय. ते आता माझ्यावरच फुटणार. रोज सकाळी फोन उघडते, 'दाजी ठीक' वाचते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते."

प्रमिलाबाई उठून गल्ल्यावरच्या पडद्यापाशी गेल्या.

"मी हे मानत नाही हं," सर घाईनं म्हणाले. "पण मला ती पाहिजे आहे."

"दाजी गेला असं खोटं दाखवायला मला पाच मिनिटं लागतील," ऋजुता म्हणाली. "पण मग हे यंत्र कुणासाठी काय बोलेल याला धरबंध राहील का? आणि घरी आल्यावर त्या टाकी बघणारच की."

"घरी येऊ दे तर खरं. मग मला बडवू दे."

प्रमिलाबाई मघापासून पडद्यावर दाजीची टाकी शोधत होत्या. फोनवर 'ठीक' होतं, कारण पाणी ठीक होतं आणि अंगाला रोग नव्हता. पण दुकानाच्या पडद्यावर त्याखाली आणखी एक ओळ होती. त्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.

"सर, दाजी जेवतो का?"

"दाणे टाकतो की मी. उरतात थोडे."

"थोडे नाही, सगळेच उरतात. आणि संध्याकाळी सहा वाजले की तो उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. तास तास हलत नाही. काय आहे तिथं?"

सर विचारात पडले. "तिथं हिचं स्टूल असतं. संध्याकाळी भाजी निवडायला तिथं बसते. त्याच्याशी बडबड चाललेली असते."

पडद्यावर लिहिलं होतं, 'वाट बघतो.'

प्रमिलाबाई आणि ऋजुता दवाखान्यात गेल्या तेव्हा सरांच्या पत्नी कलाक्का मगदूम उशीला टेकून बसल्या होत्या, सर पायथ्याशी उभे होते. चेहरा उतरलेला, पण नजर तीच, अख्ख्या गल्लीला धाक असलेली.

"या वहिनी. ह्यांनी पाठवलं असेल. माझी समजूत घालायला आलाय काय?"

"नाही. दाजीची तक्रार घेऊन आलेय."

"त्याला काय धाड भरलीय? रोज ठीक असतो. तो ठीक, म्हणजे मी ठीक नाही."

प्रमिलाबाईंनी पडदा त्यांच्यापुढे धरला. ऋजुतानं टाकीचा नकाशा उघडला. कलाक्का घरी होत्या तेव्हाच्या दाजीच्या वाटा टाकीभर पसरल्या होत्या. त्या दवाखान्यात आल्यापासून सगळ्या रेघा एका कोपऱ्यात जाऊन गुंता झाल्या होत्या.

"हे काय?"

"हा उजवा कोपरा. तुमच्या स्टुलाकडचा. तुम्ही इथं आल्यापासून त्यानं दाणा खाल्लेला नाही."

कलाक्कांनी ती ओळ स्वतः वाचली. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही घरात असता की नाही? मासा उपाशी आहे ते दिसत नाही?"

"मी दाणे टाकतो गं."

"टाकता! कवायत घेतल्यासारखे टाकत असाल. एक, दोन, विश्राम." त्या दमून थांबल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "असाच राहिला तर मरेल ना तो?"

ऋजुता सांभाळून म्हणाली, "ऑस्कर बरेच दिवस उपाशी राहू शकतो. पण किती, ते मला सांगता येणार नाही."

"आणि मेला तर मी म्हणणार, माझं संकट घेऊन गेला. खरं तर गेला असेल मी इथं रुसून बसले म्हणून." कलाक्कांनी डोळे मिटले. परिचारिका औषध देऊन गेली तरी त्या तशाच होत्या. मग म्हणाल्या, "कपाटात माझा पोपटी गाऊन आहे. तो घालायचा आणि सहा वाजता त्या स्टुलावर बसायचं. भाजी निवडायची."

"कुणी, मी?" सर दचकले. "गाऊन?"

"मग काय डॉक्टरांना बसवू? माझी सही पाहिजे ना? आधी दाजीला जेवू घाला."

दोघी जिना उतरल्या. फाटकापाशी आल्यावर ऋजुता म्हणाली, "मावशी, आपण खरंच सांगितलं ना त्यांना?"

"कोपरा खरा आहे. सहा वाजता खरं आहे. खात नाही हे खरं आहे."

"आणि वाट?"

प्रमिलाबाईंना तो शब्द दिला तो दिवस आठवला. यजमान आजारी होते. दुकानात एक सोनमासा दाराकडच्या काचेला तोंड लावून उभा होता. ऋजुतानं विचारलं होतं, याला काय म्हणायचं. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं होतं.

"मला तेव्हा तसंच दिसलं," त्या म्हणाल्या.

मगदूम सरांनी गाऊन खांद्यावर पांघरला, घातला नाही. दाजीनं त्यांना बराच वेळ निरखलं आणि मग चार दाणे खाल्ले. कलाक्कांनी सही केली. शस्त्रक्रिया नीट झाली.

सरांनी ही हकिगत सकाळी चालायला येणाऱ्यांना सांगितली, आणि ती परिचारिकांकडून रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत पोचली. महिन्याभरात दुकानात माणसं दिसायला लागली. त्यांना शोभेचा मासा नको होता, शकुनाचा नको होता. "तो वाट बघणारा मासा द्या," असं ती म्हणत. आणि त्यांना मोठी पट्टी हवी होती, सगळे शब्द सांगणारी; तीही आता मिळू लागली. ऋजुतानं ऑस्करसाठी मोठ्या टाक्या मांडल्या. वाडगे माळ्यावर गेले. ओढ्यातल्या देशी माशांची एक रांग आली. मागच्या खोलीत माशांचं इस्पितळ सुरू झालं. काय आणू, हे आता प्रमिलाबाईंना कुणाला विचारावं लागत नव्हतं.

सुशांत अवटी हा अशाच गिऱ्हाईकांपैकी एक. पंचविशीचा मुलगा. परगावचा, भाड्याच्या खोलीत एकटा राहून दूरच्या कुठल्याशा कंपनीचं काम करणारा. त्यानं लहानसा ऑस्कर नेला होता. दोन महिन्यांनी तो आला, बराच वेळ टाक्यांसमोर घुटमळला, मग गल्ल्यापाशी आला.

"काकू, किती दिवस लागतात हो?"

"कशाला बाळ?"

"वाट बघायला." तो कसनुसा हसला. "माझा अजून 'ठीक'च दाखवतो. 'भूक आहे' म्हणतो, मग मी खायला घालतो, मग 'ठीक'. मी रोज बोलतो त्याच्याशी. एकाच वेळी, एकाच खुर्चीवर बसून. मागच्या आठवड्यात मुद्दाम गावाला जाऊन राहिलो. दाणे पडायचं यंत्र लावून गेलो होतो. तिकडून सारखा फोन बघत होतो." तो थांबला. "ठीकच होतं. माझं काही चुकतंय का?"

"चुकत नाही रे काही. एकेकाचा स्वभाव असतो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "अजून लहान आहे तो."

मुलानं मान हलवली, पण तो गेला नाही. पाठ करून देशी माशांची रांग बघत उभा राहिला.

ऋजुतानं तोवर त्याची टाकी पडद्यावर आणली होती. तिनं मावशीला जवळ बोलावलं. मासा त्या खुर्चीच्या कोपऱ्यात अधूनमधून जात होता. जात होता आणि परत फिरत होता. ठरवून दिलेल्या नमुन्याशी हालचाल शंभरातली सत्तर जुळली की पट्टीवर 'वाट बघतो' उमटत असे. हा मासा पन्नाशीच्या आसपास होता.

"सत्तर हा आकडा कुठून आला?" प्रमिलाबाईंनी हळूच विचारलं.

"मीच ठरवला होता. त्या वेळी बरा वाटला."

पाठमोरा सुशांत खाली वाकून एका चिमुकल्या माशासमोर बोट हलवत होता. मासा त्याच्या बोटामागून जातो की काय, ते निरखून बघत होता.

ऋजुताचं बोट पडद्यावरच्या सत्तर या आकड्यापाशी थांबलं होतं. तिनं मावशीकडे पाहिलं.

"खाली आणू?"