ठिपकीच्या छातीपाशी होकायंत्र

"रस्ता चुकलात का?"

जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणात, पांढऱ्या कोटातली एक बाई तळहातावर होकायंत्र घेऊन मागे मागे चालत असेल, तर बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

तिनं मान वर केली. समोर एक तरुण उभा होता. हातात गाईचा दोर, केसांत लाकडाचा भुसा आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू. त्याच क्षणी होकायंत्राची सुई थरथरली. हात हलला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं... आणि हात हलण्यासारखं काय झालं, असंही मनात आलं.

"रस्ता नाही चुकले," ती म्हणाली. "यंत्र नीट चालतंय का ते बघतेय."

"मग चालतंय?"

"तुम्ही येईपर्यंत चालत होतं."

हे वाक्य आपल्याच तोंडून गेलं, यावर तिचा विश्वास बसेना. विभागात सगळे तिला मौनी म्हणत. दिवसभर गाईगुरांच्या आणि कुत्र्यांच्या रक्ताच्या नळ्यांशी तिचं जेवढं बोलणं होई, तेवढंच माणसांशी होई.

"अरे, गप्पा काय मारतोस? आधी ठिपकीला दाखव," मागून एक ठसठशीत बाई आल्या. "डॉक्टर, मी हिची मालकीण. आणि हा माझा भाचा. सुतार आहे. सोबत आणलाय दोर धरायला, पण याची जीभच जास्त चालते."

ठिपकी काळीपांढरी गाय होती. पाठ कमानीसारखी वाकवलेली, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढलेली. दूध निम्म्यावर आलं होतं. मावशी म्हणाल्या, "चढ चढते, पण उतार दिसला की खांबासारखी उभी राहते." डॉक्टरनं खांद्यामागं पाठीवर चिमटा घेतला, तशी ठिपकी खोल कण्हली.

डॉक्टरच्या डोळ्यांत चमक आली. हाच तर तिचा विषय होता. गाय चारा निवडून खात नाही, जिभेनं ओढून गिळते. चाऱ्यात तार असली तर तीही पोटात जाते आणि दुसऱ्या पोटात, ज्याला जाळीपोट म्हणतात तिथं, जाऊन बसते. त्या पोटाच्या पुढे हृदय अगदी खेटून. तार रुतत पुढे गेली की सगळं संपतं. तार रुतू लागताच रक्तात एक प्रथिन वाढतं, हे डॉक्टरनं शोधलं होतं. त्यावरून तिनं एक चाचणी बेतली होती. पुढच्या आठवड्यात संशोधन समिती येणार होती. चाचणी पटली तर काम पुढे, नाहीतर बंद.

"हिच्या पोटात कधी चुंबक सोडलंय?" तिनं विचारलं.

"चुंबक?" मावशींचे डोळे विस्फारले. "मी हिला मागच्या वर्षी विकत घेतली. आधीच्या मालकानं काय केलंय, देव जाणे."

"काही गोठ्यांत सोडतात. तार त्याला चिकटून बसते, रुतत नाही. आत चुंबक असेल तर होकायंत्राची सुई वळते." ती सुताराकडे वळली. "हिचा डावा पाय पुढे ओढून धराल?"

तो ठिपकीच्या मानेखाली वाकला. डॉक्टरनं कोपराच्या मागं होकायंत्र धरलं. दोघांची डोकी इतकी जवळ आली, की त्याच्या शर्टाचा, ताज्या तासलेल्या लाकडाचा वास तिला आला. त्यानं वर बघितलं. तिनं खाली बघितलं.

सुई गर्रकन वळली, थेट ठिपकीच्या छातीकडे.

"आहे," ती म्हणाली. "चुंबक आहे. म्हणजे तारेची भीती नाही."

मावशींचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरचा मात्र संध्याकाळी पुन्हा बाहेर आला. रक्ताचा निकाल हातात होता आणि प्रथिन भलतंच वाढलेलं होतं. तिची चाचणी ओरडून सांगत होती, तार रुतलीय. होकायंत्र सांगत होतं, शक्य नाही.

विभागप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकीकडे चुंबक, शाळेतल्या पोरालाही पटेल असं. दुसरीकडे तुमचं प्रथिन. समितीसमोर हा निकाल आला, तर चाचणी फोल म्हणतील आणि त्यांचं चुकणार नाही."

"काही दिवस द्या, सर."

"ठिपकीकडे आहेत का तेवढे?"

तिनं ठिपकीला दवाखान्यात ठेवून घेतलं, औषधं सुरू केली. आणि मनातल्या शंकेचा मान राखून सुताराला सांगितलं, "हिच्या पुढच्या पायांखाली फळ्यांचा ओटा हवाय. पुढचं अंग उंच राहिलं, की पोटातलं जे काही असेल ते मागं सरकतं."

"किती उंच?"

"तुमच्या एका वितीएवढा."

"माझी वीत तुम्ही कधी मोजलीत?"

तिनं फाईलमध्ये तोंड घातलं. कान मात्र फाईलमध्ये लपत नाहीत, आणि ते लाल झाले होते.

ओटा झाला. तो रोज यायचा, कधी फळी घट्ट करायला, कधी फळी घट्ट आहे का बघायला. मावशी बाहेर बाकावर बसून म्हणायच्या, "माझ्या घराचं दार सहा महिने करकरतंय, त्याला हात लावला नाही यानं. इथली एक फळी मात्र चार वेळा ठोकून झाली." डॉक्टर ऐकून न ऐकल्यासारखं करायची... आणि त्याची पावलं वाजली, की पेन थांबायचं.

पण ठिपकी सुधारेना. ताप उतरेना. एका सकाळी तिनं चाऱ्याकडे तोंडही केलं नाही.

त्या सकाळी तो हसत आला नाही. डॉक्टर खिडकीशी बसली होती, होकायंत्र कट्ट्यावर उघडं होतं. तो खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागला.

"डॉक्टर, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"मागच्या महिन्यात मावशीच्या गोठ्याचं दार मी बसवलं. शेकड्यानं खिळे ठोकले. एखादा खाली पडला असेल आणि..." तो दारापाशी वळला. "मावशीनं मला वाढवलंय. या गाईवर तिचा जीव आहे. माझ्याच हातानं हे झालं असेल, तर तिच्यासमोर उभा कसा राहू?"

त्याच्याकडे बघवेना, म्हणून तिनं मान खाली घातली. आणि होकायंत्र दिसलं.

तो खिडकीकडे आला, सुई खिडकीकडे आली. तो दाराकडे निघाला, सुई हळूच मागे फिरली.

"पुन्हा चाला," ती म्हणाली.

"काय?"

"दारापर्यंत जा. परत इकडे या."

"माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही मला—"

"चाला ना."

तो चालला. सुई त्याच्या मागे मागे गेली.

"खिशात काय आहे तुमच्या?"

त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून एक जाडजूड काळी चकती काढली. "चुंबक. जुन्या स्पीकरमधलं. काम झालं, की गोठ्याची जमीन याच्यानं चाचपून काढतो. खिळा गाईच्या तोंडी जाऊ नये म्हणून..." तो थबकला. "म्हणजे, तरीही एखादा राहिलाच असेल..."

"ठिपकीचा पाय धरलात, तेव्हा हे कुठं होतं?"

"इथंच. खिशात."

डॉक्टर हसली. त्यानं तिला अशी मोकळी हसताना पहिल्यांदाच पाहिलं आणि स्वतःचं दुःख क्षणभर विसरून तो बघत राहिला.

"ठिपकीच्या पोटात चुंबक नाहीच," ती उठत म्हणाली. "सुई तुमच्याकडे वळली होती. माझी चाचणी बरोबर सांगत होती, मीच तिच्यावर विश्वास ठेवला नाही. एकदा बघितलं आणि ठरवून टाकलं. मी कधीच एकदा बघून ठरवत नाही."

"मग त्या दिवशी काय झालं होतं?"

उत्तर तिला माहीत होतं. ते न देता ती ठिपकीकडे धावली. त्याला अंगणाच्या पार टोकाला उभं करून तिनं होकायंत्र धरलं. सुई जागची हलली नाही. पुन्हा धरलं. नाही हलली. तिसऱ्यांदाही नाही.

दुपारी शस्त्रक्रिया झाली. ठिपकी उभीच होती, डावी कूस तेवढी बधिर केलेली. सुतार तिचं तोंड धरून कानात काहीबाही पुटपुटत होता. चुंबक या वेळी डॉक्टरच्या टेबलाच्या खणात होतं.

"मौनी, तुझ्या भरवशावर कापतेय हं," शल्यविभागातली मैत्रीण म्हणाली. तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला. "जाळी लागली... काही नाही... काही नाही... थांब."

तिनं हात सावकाश बाहेर काढला. बोटांत एक बारीक, वळलेली, टोकदार तार होती.

"अजून थोडी पुढे असती, तर हृदयात," मैत्रीण म्हणाली. "खिळा नाही हा. टायरमधली तार आहे."

सुतारानं डोळे मिटून घेतले. मावशी मटकन बाकावर बसल्या. "अगं बाई, मुरघासाच्या चाऱ्याच्या ढिगावरचं झाकण उडू नये म्हणून जुने फाटके टायर मीच ठेवलेत. म्हणजे उपद्व्याप माझाच."

"आजच काढतो," तो म्हणाला. "लाकडी ओंडके करून देतो."

"आधी घराचं दार कर," मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

समितीसमोर डॉक्टरनं सगळं सांगितलं, सुताराच्या खिशासकट. प्रमुख कुजबुजले, "ही चूक सांगायलाच हवी का?" ती मोठ्यानं म्हणाली, "हो, सर. आम्ही सगळे चुकलो होतो, तेव्हा चाचणी एकटीच बरोबर होती." समितीतल्या सगळ्यांत कडक बाईंनी ती तार हातात घेऊन बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, "ही चाचणी गावोगावच्या गोठ्यांत पोचायला हवी. कामाला लागा." बाहेर आल्यावर प्रमुखांनी चष्मा कपाळावरून खाली आणला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मौनी त्या दिवशी विभागात सगळ्यांत जास्त बोलली.

महिन्याभरानं ती मावशींच्या गोठ्यावर गेली. कारण तपासणीचं होतं. कोट मात्र घातला नव्हता आणि केस मोकळे होते.

गोठ्यामागं गवताचा उतार होता. ठिपकी वर उभी होती. सुतारानं दोर सोडला आणि ती उतारावरून अशी दुडक्या चालीनं खाली आली, जशी शाळा सुटल्यावर मुलं येतात. मावशी पदराआड हसल्या आणि "चहा टाकते," म्हणून आत गेल्या. दार न करकरता बंद झालं.

डॉक्टरनं ठिपकीच्या छातीपाशी होकायंत्र धरलं. सुई लगेच वळली. आता तिथं खरंच चुंबक होतं, शस्त्रक्रियेच्या वेळी सोडलेलं, गुळगुळीत.

तो जवळ आला आणि त्यानं खिसे उलटे करून दाखवले. "आता सुई माझ्याकडे बघतही नाही."

"सुईला फक्त लोखंड कळतं."

"आणि तुम्हाला?"

वाऱ्यानं एक बट तिच्या डोळ्यांवर आली, ती तिनं सारली नाही.

"डॉक्टर," तो म्हणाला. खालच्या आवाजात, हसू कुठंही नव्हतं. "माझं तुमच्यावर प्रेम आहे. पहिल्या दिवसापासून, त्या अंगणातल्यापासून."

"पुन्हा सांगा."

"ऐकू नाही आलं?"

"आलं." तिनं होकायंत्र मिटलं आणि त्याच्याकडे थेट, न लाजता पाहिलं. "पण मागे एकदाच बघून ठरवलं, तेव्हा घोटाळा झाला होता. आणि विचारलं होतंत ना, त्या दिवशी काय झालं होतं? त्या दिवशी मी सुईकडे बघतच नव्हते."

त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं आणखी एकदा सांगायला लावलं, आणि तिसऱ्या वेळी वाक्य पुरं होण्याआधीच भुसा लागलेला त्याचा हात हातात घेतला.

"खात्री झाली," ती म्हणाली.

खाली ठिपकी मान घालून गवत ओढत होती, सावकाश, पोटभर.