घरचं लोखंड

"रंगा, तू ते तीर्थ सांडलंस ना... जाऊ दे. मी माफ केलं तुला," त्याची म्हातारी आई, अव्वा, पुटपुटली, आणि पलंगाशी उभ्या असलेल्या रंगनाथने दचकून तिच्याकडे पाहिलं!

ज्या घराचा उंबरा त्याने नऊ वर्षं ओलांडला नव्हता, त्या घरात आज थोरल्या भावानेच गाडी पाठवून त्याला बोलावून घेतलं होतं, आणि तेही नाइलाजाने. कारण अव्वाने अन्न सोडलं होतं आणि 'रंगाला बोलवा' एवढा एकच धोशा लावला होता. ते थोरले भाऊ, बेळगोळचे पोलादवाले दत्तोजीराव, खिडकीकडे तोंड करून उभे होते. दाराशी रंगनाथची बायको मृदुला नाचणीच्या अंबलीची वाटी घेऊन आली होती आणि नवरा दिसताच तिने मान फिरवली होती. पोटचा एकुलता एक मुलगा धनुष ज्याच्या हलगर्जीपणाने गेला, त्या माणसाशी बोलायचं तरी काय? धनुष गेल्यापासून ती थोरल्या दिरांच्या घरी सासूची सेवा करत राहिली होती आणि रंगनाथ हूटगळ्ळीला भाड्याच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवत होता.

"कसलं तीर्थ?" दत्तोजीरावांनी वळून विचारलं.

रंगनाथने घाईने अव्वाचं पांघरूण सारखं केलं. हे एवढंच तर त्याने आजवर उरात गाडून ठेवलं होतं...

शिंप्याच्या या दोन पोरांनी पोलादाचा ध्यास घेतला तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. दत्तोजीरावांनी हेब्बाळच्या कारखान्यांतलं भंगार हातगाडीवरून गोळा केलं, मग बेळगोळला एक छोटी भट्टी घातली, मग मोठी, मग सळ्या ओढायचा कारखाना. आज हूटगळ्ळीतल्या निम्म्या घरांचे स्लॅब त्यांच्या सळ्यांवर उभे आहेत आणि सत्कारांच्या शाली ठेवायला कपाट पुरत नाही. पण दादा बाहेर जग जिंकत होता, तेव्हा आत धगीपुढे कॉलेज सोडून आलेला रंगनाथ उभा होता. हार एकाच गळ्यात पडत होते आणि त्याचं रंगनाथला कधी, अगदी कधीही वाईट वाटलं नाही.

या घराची एक रीत होती. दसऱ्याच्या आयुधपूजेनंतर पहिल्यांदा भट्टी पेटली की अव्वा घरातलं काहीतरी लोखंड द्यायची. कधी वडिलांची तुटकी कात्री, कधी शिलाई मशीनचं झिजलेलं चाक. घरातल्या धाकट्याने ते वितळलेल्या पोलादाच्या रसात टाकायचं. घरचं लोखंड पडलं की भट्टी घरची होते, माणसांना सांभाळून घेते, असं ती म्हणायची.

आणि भट्टीचाही एक नियम होता. बंद डबा आत जाता कामा नये. आत ओंजळभर पाणी असलं तरी त्याची वाफ होऊन तापलेला रस माणसांवर उसळतो. म्हणून भंगारातला प्रत्येक डबा रंगनाथ गॅस कटरने कापून घ्यायचा. पण त्या वर्षी अव्वाने दिला तो वडिलांचा मशीनच्या तेलाचा डबा, झाकण घट्ट, वर हळदकुंकू, लाल फडक्यात बांधलेला. हाताला जड लागला. जुनं तेल गोठलं असेल, असं त्याला वाटलं. देवापुढून आलेल्या वस्तूला कटर कसा लावायचा? त्याने गाठ न सोडताच तो डबा धनुषच्या हातात दिला... आपल्याच हाताने दिला!

स्मशानातून परतल्यावर अव्वाने त्याला एकट्याला गाठून विचारलं होतं, "त्या डब्यात मी संगमाचं तीर्थ भरून दिलं होतं रे. भट्टीत पोचलं ना?" तेव्हा त्याला सगळं उमगलं. आपण नातवाचा जीव घेतला हे कळलं असतं, तर ती माउली त्याच क्षणी गेली असती. "वाटेतच सांडलं, अव्वा," तो म्हणाला. चौकशीत त्याने सांगितलं की फडक्यात जुनं चाक होतं, बंद डबा भंगारातून आला आणि माझ्या नजरेतून सुटला. दादाने सगळ्या कामगारांदेखत 'तू पोटच्या पोराला खाल्लंस' म्हणून त्याला हाकललं, आणि तो निमूटपणे गेला.

"संगमाचं तीर्थ," अव्वा आता दत्तोजीरावांना सांगत होती. "डब्यात भरून दिलेलं, भट्टीसाठी. यानं वाटेत सांडलं, म्हणून देव कोपला. मृदुलाचा राग आणखी वाढेल म्हणून मी बोलले नाही कुणाला. नोड, बघ दत्तू, लेकरू आहे ते. साकु, पुरे आता. तुम्ही पण सोडा त्याला."

सारा जन्म भट्टीत गेलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागलं नाही. दत्तोजीराव पलंगापाशी आले.

"अव्वा, तू त्या डब्यात पाणी..."

रंगनाथने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "सांडलं होतं, दादा. एक थेंब राहिला नव्हता."

"बघ, कबूल करतो," अव्वा समाधानाने म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

बाहेरच्या खोलीत येताच तो थोरला भाऊ, ज्याच्यापुढे मंत्रीसुद्धा उठून उभे राहत, धाकट्याच्या पायांवर कोसळला. रंगनाथ त्यांना उठवू लागला, पण ते उठेनात.

"रंगा, मी सगळ्यांपुढे तुला तोडलं. उद्या सगळ्यांपुढे मीच सांगतो, तुझा गुन्हा नव्हता म्हणून."

"कुणाचं नाव घेऊन सांगशील, दादा?"

दत्तोजीरावांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आणि मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. गाठ सोडून बघायला हवी होती. नाही बघितली."

दाराशी सगळं ऐकलेली मृदुला भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातातली वाटी कलली होती, अंबली साडीवर सांडत होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. नऊ वर्षांचा संताप आता कुणावर काढायचा होता? ज्याला रोज मनातल्या मनात शिव्याशाप दिले त्या नवऱ्यावर, की जिची वेणीफणी केली, जिचे पाय चेपले तिच्यावर? शेवटी ती बोलली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"मला तरी सांगायचं होतं तुम्ही."

रंगनाथने कितीतरी वर्षांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"अव्वाला पक्षाघात झाल्यापासून ती तुझ्याच हातचं खाते, मृदुला. तुला कळलं असतं, तर भरवलं असतंस?"

दत्तोजीराव जमिनीवर बसल्या बसल्या लहान मुलासारखे रडत होते. आतून अव्वाची क्षीण हाक आली, "मृदुला... भूक लागली गं."

रंगनाथने वाटी घ्यायला हात पुढे केला, तशी मृदुलाने ती मागे ओढली. पदराने डोळे पुसले, वाटीत उरलेली अंबली चमच्याने एकसारखी केली आणि ती आत गेली.

"आले, अव्वा," ती म्हणाली. सासूच्या मानेखाली हात घालून तिने तिला उठतं केलं आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.