टवका उडालेला दात

तो दिवा राहू दे, जोलीन, आणि खुर्ची जरा इकडे ओढ. मार्ली आत झोपली आहे, तेव्हा हळू बोलू. उद्या माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, तिची आई रात्रपाळीला, बाप तिकडे समुद्रात तेलाच्या विहिरीवर. म्हणजे पोरीजवळ तूच असणार. म्हणून हे तुला सांगून ठेवते. म्हातारीला वेड लागलं असं वाटलं तर वाटू दे.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. गेल्या वसंतात मार्लीचे समोरचे वरचे दोन्ही दुधाचे दात एकाच आठवड्यात पडले, आणि त्याच शनिवारी ‘लिटल मिस मॅग्नोलिया’ ही चिमुरड्या पोरींची सौंदर्यस्पर्धा होती. शॉना, तिची आई, माझी भावजय, घरात कुणी गेल्यासारखी रडत बसली. सहा वर्षांच्या पोरीचे दात पडणार नाहीत तर काय माझे पडणार? माझे कधीच गेले. पण त्या स्पर्धांत पोरींचं बोळकं चालत नाही. तिथे त्यांना खोटी कवळी लावतात. फ्लिपर म्हणतात तिला. दातांच्या डॉक्टरला माप दिलं तर ती हातात पडायला महिना लागतो.

“मिस ओलेटांकडे एक आहे,” शॉना म्हणाली. “त्या उसनी देतात. इमोजीन, तुमची गाडी काढा ना.”

“उसनी कवळी? मग येताना उसना टूथब्रशही घेऊन येऊ.”

“तुम्हाला ना, प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते.”

दिसते खरी. चर्चमध्ये कुणी जास्त गोड बोललं तरी मी पर्स मांडीवर घेते. पण भाऊ घरी नव्हता आणि पोर उंबऱ्यात बूट घालून उभी होती. मी गाडी काढली.

मिस ओलेटांचं घर भुईमुगाच्या शेतांपलीकडे, लाल मातीच्या रस्त्याच्या टोकाला. एके काळी अर्ध्या अलाबामाच्या पोरींना स्टेजवर चालायला, वळायला, हात हलवायला त्यांनीच शिकवलं होतं. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत सगळे पडदे ओढलेले. केसांच्या स्प्रेचा शिळा वास, आणि त्याखाली आणखी एक, लवंगेचा. दातांच्या दवाखान्यात येतो तसला. भिंतीवर एका पोरीचा मोठा फोटो होता. डोक्यावर मुकुट, गालावर लाली, आणि ओठ घट्ट मिटलेले.

“माझी लेक, ट्रूडी,” मिस ओलेटा म्हणाल्या. “सहा वर्षांची होती.”

त्यांनी मखमलीच्या डबीतून कवळी काढली, मार्लीची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि कवळी बसवली. टक्‌ असा बारीक आवाज झाला.

आता माझं ऐक. कवळी म्हणजे काय ते मला विचार. माझ्या मापाची, माझ्या पैशांची कवळी मला धड बसत नाही, मक्याचं कणीस खाताना हातात येते. आणि दुसऱ्याच कुणाची तरी जुनी कवळी या पोरीच्या हिरड्यांवर अशी बसली की जणू तिथूनच उगवली होती. मार्ली हसली. शॉनाने टाळ्या वाजवल्या. आणि मला दिसलं… डावीकडच्या दाताच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता.

“मिस ओलेटा,” मी म्हणाले, “दात खोटेच करायचे तर त्याला टवका कशाला?”

“त्याने खरे वाटतात, मॅम.”

“आणि भाडं किती?”

“काही नको. ती हसेल तेव्हा मला समोर बसू द्या, एवढंच.”

शॉना त्यांच्या गळ्यात पडली. फुकट मिळालं की आमच्या शॉनाला विषसुद्धा गोड लागतं. मला मात्र तेव्हाच वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

शनिवारी सकाळी हॉटेलच्या त्या हॉलमध्ये तू असतीस तर पळून गेली असतीस. करपलेल्या केसांचा आणि पावडरीचा वास. कुणी पोरीच्या जिभेवर साखरेची पूड ओतत होतं, तरतरी राहावी म्हणून. एक चिमुरडी आईच्या हातातल्या चिकटवायच्या खोट्या पापण्या बघून भोकाड पसरत होती आणि आई म्हणत होती, “हे तुझ्यासाठीच चाललंय ना, राणी?” मार्लीला मी खुर्चीत बसवलं. तिचा चेहरा रंगवून झाल्यावर माझ्या भावाच्या पोरीचं त्यात काय उरलं होतं, ते मला शोधावं लागलं.

“शॉना, अजून वेळ आहे. घरी चल.”

“तुम्हाला कुणी कधी स्टेजवर बोलावलं नाही ना, म्हणून. कोल्ह्याला द्राक्षं आंबट!”

“बाई गं, मला द्राक्षं नकोत. मला पोर हवी.”

मार्लीला एक साधं गिरकीचं पाऊल शिकवलं होतं आणि तेही ती नेहमी चुकायची. त्या दिवशी ती चुकली नाही. तिने शिकवलेलं काही केलंच नाही. फ्रॉकचं टोक चिमटीत धरून, एक गुडघा मागे नेऊन ती वाकली. ती लवण्याची पद्धत मी लहान असताना पाहिली होती, त्यानंतर कधीच नाही. मग तिने दोन बोटं ओठांना लावून प्रेक्षकांकडे चुंबन सोडलं. शॉना डावीकडे उभी होती, हात उंचावून. मार्लीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चुंबन गेलं उजवीकडे, मिस ओलेटांकडे. आणि त्या म्हातारीने ते हवेत झेलून उराशी धरलं.

मुकुट मिळाला, हे सांगायला नकोच.

परत येताना शॉना पुढे बसून फोनवर सगळ्यांना कळवत होती, पुढच्या महिन्यात अटलांटाची स्पर्धा म्हणून. मी गाडी चालवत होते. आरशात मार्ली दिसत होती, मुकुटासकट, मान एका बाजूला पडलेली.

“आत्या, मला झोप येतेय.”

“येईल बाळा, दमलीस तू.”

“नाही गं… मला कधीपासून झोप येतेय.”

का कोण जाणे, मी विचारलं, “तुझ्या त्या दाताचा टवका कसा उडाला?”

“झोक्यावरून पडले. मम्मा म्हणाली, नीट होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. फोटोतपण नाही.”

शॉनाने फोन खाली घेतला. आमच्याकडे झोका नाही, जोलीन. कधीच नव्हता.

“मग?” मी म्हणाले.

“मग स्पर्धेच्या आधी नीट करायला नेलं. डॉक्टरांनी नाकावर रबराचं काहीतरी ठेवलं. लवंगेचा वास येत होता… म्हणाले, आकडे म्हण. मी म्हटले. मम्माने हात धरला होता…” आणि मग अगदी बारीक आवाजात, “आता उठू का? कुणी उठवतच नाही.”

मी नदीच्या पुलावरच गाडी थांबवली. मागचं दार उघडलं. मार्ली थंड पडली होती, त्या उन्हात! श्वास इतका हळू की मला दोनदा कान लावावा लागला. मी कवळीला हात घातला. निघेना. शॉना ओरडत होती, “हिरड्या फाटतील, सोडा!” मी नाही सोडली. मला तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. शेवटी टक्‌ झालं, कवळी माझ्या हातात आली आणि पोरीने पाण्याबाहेर आल्यासारखा श्वास घेतला. रडायला लागली. मग म्हणाली, “आत्या, माझा नंबर कधी येणार?” ती स्टेजवर गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

कवळी मी तिथल्या तिथे नदीत फेकली. त्यापाठोपाठ मुकुट शॉनाने स्वतः फेकला, हे मात्र तिच्या बाजूने सांगायला हवं. त्यानंतर तिने पोरीला एकाही स्पर्धेत घातलं नाही.

मिस ओलेटांना सांगायला मी एकटीच गेले. म्हटलं, भांडतील, भरपाई मागतील. त्या फोटोपुढे बसल्या होत्या. मी म्हणाले, “तुमची कवळी मी नदीत टाकली.” त्यांनी मला थंडगार गोड चहा ओतून दिला.

“काही हरकत नाही, मॅम,” त्या म्हणाल्या. “आता तिची गरज नाही.”

चहाचा घोट न घेताच मी उठले. त्या शब्दांचा अर्थ मी सगळा उन्हाळा चघळत होते.

शाळा सुरू झाली तशी मार्लीचे नवे दात आले. उजवा आला, पांढराशुभ्र, सरळ. मग डावा. रोज सकाळी मी बॅटरी लावून बघायचे, आणि तो हिरडीतून थोडा थोडा वर येत होता. त्याच्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. पोर पडली नाही, कुठे आपटली नाही. शॉनाने तो बघितला आणि त्या दिवसापासून ती पोरीला हसवत नाही.

तेव्हा उद्या तू एवढंच कर. तिला झोपू दे, पण दिवा मालवू नकोस. अधूनमधून दारातून हाक मार. पूर्वी मी “मार्ली” म्हटलं की झोपेतसुद्धा ओ द्यायची. परवा मी हाक मारली. बराच वेळ काही नाही. खोलीत लवंगेचा वास होता. मी पुन्हा हाक मारली. मग आतून आवाज आला, तिचाच, जागा, अगदी समंजस:

“हळू… मार्ली झोपलीय.”