तळ्यातला लाल ठिपका

“काकू, दोर सोडू नकोस! होडीत पाणी शिरतंय!” चष्मिष काठाकाठानं धावत ओरडली. मागून बोक्या आणि त्याची धाकटी बहीण शेपूट धापा टाकत आली.

काकूनं वळूनही पाहिलं नाही. तिच्या फोनवर नकाशा उघडा होता. तळ्याच्या ऐन मधोमध एक लाल ठिपका, आणि त्याखाली काकांचं रेडिओवरचं सांकेतिक नाव.

“हाक मारताहेत गं ते,” ती म्हणाली.

गेल्या वर्षी याच तळ्यानं काकांना पोटात घेतलं होतं. परत दिलंच नाही. काका हौशी रेडिओवाले. असे लोक आपलं नाव हवेत सोडतात. ज्याला ते ऐकू येतं त्याचा संगणक नकाशाला कळवतो, आणि पाठवणाऱ्याच्या जागी खूण पेटते. काका गेले तशी त्यांची खूण विझली. या आठवड्यात ती पुन्हा पेटली. पाण्यात!

वारा पडलेला, तरी लव्हाळी कुजबुजत होती. बोक्यानं वल्हीच उचलली. “उद्यापर्यंत थांब, काकू. नाही उलगडलं, तर मीच वल्हवीन!”

सकाळी तिघं नकाशावर वाकली. शेपूट किंचाळली, “अय्या! पोस्टमनकाकापण तळ्यात!”

“काहीतरीच!”

पण खरंच! काकांच्या ठिपक्याखाली पोस्टमनकाकांचा ठिपका दडला होता. तेही रेडिओवालेच. तिघं त्यांच्या अंगणात धडकली.

“तुम्ही बुडालात का हो?” शेपटीनं विचारलं.

“अगं भवाने, सायकलची साखळी बसवतोय!” नकाशा बघून ते हसले. “हा नवा केलाय ना! आम्ही पूर्ण पत्ता पाठवत नाही; नकाशावर चौकोन आखलेत, त्यातल्या आपल्या चौकोनाचं नुसतं नाव. आधी अख्खा चौकोन रंगायचा. आता मधोमध ठिपका टाकतात. आपल्या चौकोनाचा मध्य तळ्यात.”

“म्हणजे जागा खोटी,” चष्मिष हळूच म्हणाली. “पण हाक खरी. मग ती मारतंय कोण?”

पोस्टमनकाकांचं हसू मावळलं.

त्यांचा हातात मावणारा छोटा रेडिओ घेऊन शोध सुरू झाला. रेडिओ छातीशी धरायचा नि गोल फिरायचं. अंगाचा आडोसा होऊन आवाज सर्वांत बारीक झाला, की हाक आपल्या पाठीमागून येतेय! असं गिरक्या घेत तिघं टेकडी चढली.

“मला भोवळ येतेय!”

“भुताला सांग, सरळ रस्त्यात राहा म्हणून!”

वर रेडिओ मंडळाची खोली. दार लोटलेलं, आत कुणी नाही. तरी टेबलावर काकांचं यंत्र ऊबदार होतं, आणि त्यातून पुन्हा पुन्हा काकांचं नाव हवेत जात होतं. बोक्या दोन पावलं मागे सरला.

“कोण रे तिकडे?” मंडळाचे चिटणीस दारात उभे. “ते होय! दुरुस्तीला आणलं होतं. चाचणीला लावलं नि विसरलो. आत त्यांचंच नाव भरलेलं, ध्यानातच आलं नाही! थांबा, बंद करतो. कुठे बोलू नका हं.”

“हात लावू नका!” चष्मिष यंत्रापुढे आडवी उभी राहिली. “बंद काकू करेल. शेपूट केव्हाच पळालीय तिला आणायला!”

चिटणिसांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

काकू आली. यंत्राच्या ऊबदार पत्र्यावर तिनं तळवा टेकला. मग तिनं बटण दाबलं. खोली गप्प झाली, आणि वर्षभर न रडलेली काकू रडली.

डोळे पुसून तिनं तिघांना जवळ ओढलं. “तुम्ही आज तळ्यातून माणूस काढलात रे.”

“काकांना?” शेपटीनं डोळे विस्फारले.

“नाही गं,” काकू म्हणाली. “मला.”