दोष कुंकवाचा

आता बंदूक चालवायची म्हणजे आधी बंदुकीचीच परवानगी लागते. चाप ओढला तरी गोळी सोडायची की नाही, हे ती स्वतः ठरवते. तिच्यातल्या या यंत्राला विवेकचाप म्हणतात. नळीवरच्या भिंगातून ते समोरच्या माणसाला पाहतं आणि तो जिवावर उठलाय याची शंभरात किती खात्री वाटते, ते मोजतं. खात्री ठरलेल्या मर्यादेला पोचली तरच गोळी. हा सगळा खटाटोप नव्या कायद्यामुळे. गोळी चुकून सुटली, किंवा हवी तेव्हा सुटली नाही, तर तुरुंगात जाणार बंदूक बनवणारा.

नितेश वारघडे या तरण्या शिपायाची बंदूक गप्प बसली. गावठी कट्टा घेऊन आलेल्या माणसानं त्याला चार पावलांवरून मारलं. कट्ट्याला ना विवेक, ना कारखानदार. त्याच्यावर खटला कोण भरणार, डोंबल!

शस्त्रागार सांभाळणाऱ्या हवालदार कुसुम घोडविंदे तेव्हापासून खचल्या होत्या. आदल्याच दिवशी खंडेनवमी झाली होती. दरवर्षीसारखं त्यांनी प्रत्येक बंदुकीला हळदकुंकू लावलं होतं, आणि नितेशच्या बंदुकीवर बोट नेमकं भिंगावर टेकलं होतं. पोराला आपणच मारलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

कंपनीच्या शास्त्रज्ञ डॉ. मीनल टिपणीस बंदुकीतली नोंद तपासून त्यांना भेटायला आल्या. कुंकवाचा काही संबंध नव्हता, असं त्यांनी सांगितलं. निघण्यापूर्वी नितेशनं बाहीनं भिंग लख्ख पुसलं होतं. मारेकरी बंदुकीला स्वच्छ दिसला, खात्री सत्त्याण्णव भरली. मर्यादा होती अठ्ठ्याण्णव.

कुसुमबाईंना हायसं वाटलं, आणि त्याची लगेच लाजही वाटली. इतकी कडक मर्यादा ठेवली कुणी, असं त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. विवेकचाप कोर्टाच्या निकालांवरून शिकतो. आधी मर्यादा ऐंशी होती. मोर्चात छत्री उगारलेल्या म्हाताऱ्यावर गोळी सुटली, आमच्या आधीच्या मालकांना शिक्षा झाली, आणि आकडा आपोआप वर चढला. आता न सुटलेल्या गोळीबद्दल शिक्षा झाली, की तो साठावर येईल. राज्यातल्या सगळ्या बंदुकांत, एकदम."

"साठावर म्हणजे?"

"म्हणजे नुसती छत्री हातात असली तरी पुरे." डॉक्टरांनी एक कागद पुढे सरकवला. "दोष कुंकवाचा, असं तुम्ही लिहून द्या. मग खटला तुमच्यावर चालेल, आणि आकडा हलणार नाही. नोंद आमच्याकडेच आहे, ती बाहेर येणार नाही."

यात नव्या मालकाचीही कातडी वाचत होती, हे न कळायला कुसुमबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. तीस वर्षं पोलिसात काढली होती त्यांनी. कागद फाडून टाकावा, असं त्यांना वाटलं. पण गावात दर महिन्याला मोर्चे निघत, आणि बंदोबस्ताला बंदुका त्याच काढून देत. शेवटी त्यांनी सही केली.

कुसुमबाईंवरच्या खटल्याच्या निकालादिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात नितेशची बायको प्रज्ञा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती त्यांना मावशी म्हणायची. शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तिचा आवाजही चढला नाही.

"मावशी, ते तर चष्मासुद्धा दहादा पुसायचे. भिंग पुसलं नव्हतं त्यांनी?"

"नाही गं," कुसुमबाई म्हणाल्या. "विसरला असेल."

त्यांना आत न्यायला शिपाई आला. त्याच्या बंदुकीतला आकडा अठ्ठ्याण्णववरच होता, आणि तोही नितेशच्याच वयाचा होता.