सहा पानांचा उजेड

"मॅडम, लवकर या! सुरज आत मेलाय!" फोनवर दीक्षाचा आवाज फाटला होता.

फौजदार सीमा रांजणगावच्या एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत पोचल्या, तेव्हा तिथला तंत्रज्ञ सुरज याचं प्रेत नायट्रोजनच्या खोलीतून बाहेर, रोपांच्या अंधारखोलीत काढून ठेवलं होतं. नखं तुटलेली. दाराला आतून रक्ताचे ओरखडे.

"पाइप सुटला, गॅस भरला," सुपरवायझर बाळासो म्हणाला. चहाच्या कागदी कपाची कड तो चिमटीने तोडत होता. "दार अडकलं आसंल. गडबडला बिचारा."

"तुम्ही कुठं होता?"

"तीनपासनं कॅन्टीनला. दीक्षाबाई वरडंस्तवर आज हिकडं पाऊल टाकलं न्हाई."

"तंबाखू खाता?"

"सुपारीसुदिक न्हाई. का वो?"

सीमांनी त्याच्या काळ्या, चिकट अंगठ्याकडे पाहिलं. मग दाराशेजारच्या रोपांकडे. सहा पानं फाटलेली. खाली बारीक बारीक तुकडे.

"हे कसलं रोप?"

"तंबाखूचं," संशोधक दीक्षा म्हणाली. "याच्या पेशींत आम्ही सेन्सर घातलाय. पानाला इजा झाली की पेशींत कॅल्शियम उसळतं आणि पान हिरवं उजळतं. वरचा कॅमेरा फक्त तो उजेड टिपतो. माणूस दिसत नाही."

"वेळ दिसते?"

"सेकंदासकट."

पडद्यावर काळोख होता. तीन बाराला एक पान उजळलं. मिनिटाने दुसरं. सहावं तीन सतराला.

सीमा वळल्या. "सुरजचं कार्ड तीन अकराला या दाराला लागलं. पुढची सहा मिनिटं तो आत दार बडवत होता आणि इथं कुणीतरी उभं राहून पानं फाडत होतं. वाचवायला आलेला माणूस पानं फाडत नाही. दीक्षा साडेतीनला शिरूरहून आली, गेटवर नोंद आहे. गॅसचे पाइप तुमच्या ताब्यात, बाळासो. हिरव्या तंबाखूचा चीक हाताला काळा चढतो, धुऊन निघत नाही. तंबाखू खात नाही म्हणता, इकडं आलो नाही म्हणता. मग अंगठा कशाने काळा? पाइप सोडून तुम्ही बाहेरून कडी घातलीत आणि सुरज गप्प झाल्यावर ती काढलीत. आता पायाशी बघा."

बाळासोच्या पायाशी कपाचे तुकडे पडले होते.

त्याने उरलेला कप मुठीत चुरगळला.

"माज्याच हाताखाली शिकला," तो म्हणाला. "आन् सोमवारपासनं माज्याच वर मॅनेजर व्हनार व्हता. त्याला म्या साहेब म्हनायचं?"

"आतून तो काय म्हणत होता?"

"आदी शिव्या दिल्या. मंग 'मामा, मामा' लावलं. शेवटाला 'साहेब' म्हनला. तवा कडीला हात लावला व्हता म्या."

"मग काढली का नाही?"

"बाहीर आला आसता, तर पुन्यांदा म्हनला नसता."