द्वारकाबाईंचं पुढचं मनगट

हातमोजा चढवताच द्वारकाबाई भंगाळे पाच वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या. पण फक्त उजव्या मनगटापुरत्या.

"अगं बाई! दुखतच नाही!" त्या ओरडल्याच.

जळगावच्या त्या दवाखान्यात आता शस्त्रक्रियेआधीच तिचा निकाल अनुभवता येई. हजारो जुन्या रुग्णांची मनगटं पुढे कशी झिजली, हे संगणकाला ठाऊक होतं. त्यात तो तुमचं रक्त, हृदय, हाडं सगळं धरी, कारण मनगट काही एकटं म्हातारं होत नाही. मग मोजा ती भविष्यातली जाणीव थेट मज्जातंतूंत सोडी. डॉक्टर त्याला 'पूर्वस्पर्श' म्हणत.

"मावशी, हे हाडं जुळवून टाकलेलं मनगट," डॉ. केतकी राणे म्हणाली. "दुखणार नाही, पण वळणारही नाही. बघा वाकवून."

मनगट ढिम्म हलेना. द्वारकाबाईंचा चेहरा पडला. गावातल्या प्रत्येक लग्नाचे मांडे त्यांच्या हातचे. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत केवढी तरी मोठी करायची आणि उपड्या खापरावर टाकायची. ताठ मनगटानं काय डोंबल झेलणार?

"मंग दुसरं दाखवा."

दुसरा उपाय कृत्रिम सांध्याचा. तो छान वळतो, पण काही वर्षांनी सैल होतो आणि दुखणं परत येतं. केतकीनं सांध्याची पाच वर्षं लावली. द्वारकाबाईंनी हवेतच मांडा झेलला आणि पोरीसारख्या खिदळल्या.

"पुढं न्या! बिघडते कधी ते तरी पाहू!"

पाचाच्या पुढे सहसा कुणी जात नसे. पण बाईंचा उत्साह बघून केतकीलाही चेव आला. आठव्या वर्षी बारीक कळ आली. तिनं दहावं लावलं.

"कळबी गेली! सांधा बरा झाला की हो!"

केतकीनं पडद्याकडे पाहिलं आणि घाईनं मोज्याला हात घातला. "मावशी, मोजा काढू या."

"थांबा." द्वारकाबाई आता लक्ष देऊन बघत होत्या. "गरम नाही, गार नाही. बोटंबी जानवत नाहीत." त्यांनी मान वर केली. "मी नाही का तिथं?"

केतकीला खोटं बोलवेना.

बाईंनी मोज्यातली बोटं एकदा हलवून पाहिली. मग एकदम उजळल्या. "मंग इचार कसला करता? सांधाच घाला! नातीले मांडे शिकवायचे आहेत माले."

"बाहेर तुमची सून विचारेल, पुढे कसं काय?" केतकी म्हणाली.

"सांगा तिले," द्वारकाबाई मोजा उतरवत म्हणाल्या, "दहा वर्षांनी काहीच दुखत नाही."